निळ्या पाटीची गाडी

मुळशी तालुक्यात मोसे नदीचे खोरे आहे. ह्या खोऱ्यात वरसगावच्या धरणामुळे साचलेल्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठी लवासा नावाचे नवे नगर वसविलेले आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका शाळेची सहल तेथे निघाली. मी निवृत्त होऊन काही वर्षे लोटली असली, तरी त्या शाळेच्या शिक्षकांनी आग्रहाने मलाही बरोबर नेले. चहूकडे हिरवे डोंगर, त्यांच्या कुशीत उतरलेले ढग आणि पाण्याच्या कडेने उभी असलेली रंगीबेरंगी घरांची रांग पाहून मुले हरखून गेली. काही इमारतींची कामे अर्धवट राहिलेली आहेत. पण मुलांची दृष्टी अशा गोष्टींकडे फारशी जात नाही.

त्यांची दृष्टी गेली ती एका मोटारीकडे. मोटार नेहमीसारखीच होती. मात्र तिच्या क्रमांकाची पाटी पांढरी नव्हती, पिवळीही नव्हती. ती होती निळी, आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत आधी एक आकडा, मग 'सीसी' ही दोन अक्षरे व पुढे आणखी एक आकडा लिहिलेला होता. जवळच एक परदेशी गृहस्थ आपल्या पत्नीसह व दोन मुलांसह भाजलेली कणसे खात उभे होते.

"गुरुजी, ह्या गाडीच्या पाटीवर महाराष्ट्राचे नावच नाही!" सातवीतला एक मुलगा म्हणाला. "हिला पोलीस अडवीत नाहीत का?"

मुलाचा प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. आम्ही पाण्याच्या काठी पायऱ्यांवर बसलो आणि बोलणे सुरू झाले.

एका देशाच्या सरकारला दुसऱ्या देशाच्या सरकारशी वारंवार बोलावे लागते. व्यापार, सरहद्दी, परदेशी गेलेले नागरिक, युद्ध आणि तह असे शेकडो विषय असतात. ह्या कामासाठी प्रत्येक देश आपला प्रतिनिधी दुसऱ्या देशाच्या राजधानीत ठेवतो. तो राजदूत होय. त्याची कचेरी म्हणजे राजदूतावास. आपल्या भाषेत तिला 'वकिलात' असा जुना आणि सुरेख शब्द आहे. एकेकाळी ब्रिटिश साम्राज्यात असलेल्या व आता राष्ट्रकुलात असलेल्या देशांचे प्रतिनिधी एकमेकांकडे 'उच्चायुक्त' म्हणून जातात. काम तेच, नाव तेवढे निराळे. नव्या दिल्लीत ज्या भागात पुष्कळशा वकिलाती आहेत, त्या भागाला चाणक्यपुरी असे नाव दिलेले आहे. ते नाव का दिले, हे पुढे कळेल. राजदूत आला की लगेच कामाला लागत नाही. तो आपल्या राष्ट्रप्रमुखाने दिलेले अधिकारपत्र घेऊन राष्ट्रपतिभवनात जातो व ते आपल्या राष्ट्रपतींच्या हाती देतो. त्यानंतर तो खरा राजदूत.

राजधानीखेरीज मुंबईसारख्या मोठ्या शहरांतही परदेशांच्या कचेऱ्या असतात. त्यांना वाणिज्य दूतावास म्हणतात. व्यापाराला मदत करणे, प्रवेशपत्रे देणे, आपल्या देशाचा कोणी नागरिक येथे आजारी पडला किंवा तुरुंगात सापडला तर त्याची विचारपूस करणे ही त्यांची कामे. राजदूतावासाच्या गाड्यांवर 'सीडी' ही अक्षरे असतात आणि वाणिज्य दूतावासाच्या गाड्यांवर 'सीसी'. पहिला आकडा देशाचा. तेव्हा कणसे खाणारे ते गृहस्थ एखाद्या वाणिज्य दूतावासातील अधिकारी असावेत व सुट्टीसाठी इकडे आले असावेत, असा तर्क आम्ही केला.

आता पोलिसांचा प्रश्न. राजदूतांना कसे वागवावे ह्याचे नियम साऱ्या जगाने मिळून ठरविलेले आहेत. १९६१ साली ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना येथे, ह्यासंबंधी एक करार झाला. भारत १९६५ साली त्यात सामील झाला आणि १९७२ साली आपल्या संसदेने त्यासाठी कायदा केला. वाणिज्य दूतांसाठी १९६३ साली निराळा करार झाला. ह्या नियमांप्रमाणे राजदूताला अटक करता येत नाही. त्याच्या वकिलातीत तिच्या प्रमुखाच्या संमतीवाचून पोलीस पाऊल टाकू शकत नाहीत. त्याच्या सरकारी टपालाची थैली कोणी उघडू शकत नाही. वाणिज्य दूताला मात्र एवढे मोठे कवच नसते. त्याचे संरक्षण मुख्यतः त्याच्या सरकारी कामापुरतेच असते.

पुष्कळ लोक समजतात की वकिलातीची जागा ही त्या परक्या देशाचीच भूमी. हे खरे नव्हे. जमीन आपलीच असते. फक्त तिच्या दाराशी आपण आपला हात आवरतो.

"मग हा अन्याय नाही का?" एका मुलीने विचारले. "आम्ही नियम मोडला तर दंड, आणि त्यांनी मोडला तर काहीच नाही?"

शंका रास्त होती. म्हणून सांगावे लागले की राजदूतानेही येथील कायदे पाळलेच पाहिजेत व आपल्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करता कामा नये, असे त्याच करारात लिहिले आहे. तो तसे वागला नाही, तर आपले सरकार कारण न देताही 'हे गृहस्थ आम्हांला नकोत' असे कळवू शकते. मग त्याला त्याच्या देशाने परत बोलावलेच पाहिजे. शिवाय हे कवच त्या माणसाचे नसून त्याला धाडणाऱ्या राष्ट्राचे असते. त्या राष्ट्राने ते काढून घेतले, तर तोच माणूस न्यायालयापुढे उभा करता येतो. तरीही त्या मुलीचे पुरते समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. एवढा मोठा अपवाद जगाने केला तरी का?

त्याचे उत्तर आमच्या पुढ्यातील पाण्याच्या वाटेवरच होते. मोसे नदीचे हे पाणी वरसगावच्या धरणातून सुटले म्हणजे खडकवासल्यास येते, मुठा नदीतून पुण्यात शिरते आणि शहराच्या टोकाला मुळा नदीला मिळते. ह्या संगमावर दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांची वकिलात होती. १७८६ साली चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा पहिला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारी राहणारा प्रतिनिधी, पुण्यास आला आणि संगमावर त्याचे ठाणे झाले. 'संगमावरील साहेब' आज काय करीत आहे, ह्याकडे साऱ्या पुण्याचे कान लागलेले असत.

दूत पाठविणे आपल्याला इंग्रजांनी शिकविले असे मात्र समजू नका. रामायणात बिभीषण रावणाला बजावतो की दूताला मारू नये. कौटिल्य म्हणजेच चाणक्य. त्याने आपल्या 'अर्थशास्त्र' ह्या ग्रंथात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत: सर्व अधिकार असलेला, ठरावीक मर्यादेतच बोलू शकणारा आणि केवळ निरोप पोचविणारा. दूत कोणत्याही जातीचा असो, त्याचा वध करू नये, असेही त्याने लिहून ठेवले आहे. दिल्लीतील त्या वसाहतीला चाणक्याचे नाव का दिले, हे आता लक्षात आले असेल. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणारा सुमंत हा एक स्वतंत्र प्रधान होता.

१६७४ साली महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. त्याने नजराणा दिला, व्यापाराचा तह केला; पण मुलांना त्यातील एक गंमतच फार आवडते. गडावर मांस खाणारी माणसे थोडी. हे मूठभर इंग्रज मात्र रोज बोकडाचे मांस मागत. एवढे गिऱ्हाईक म्हाताऱ्या खाटकाला पूर्वी कधी मिळाले नव्हते. तेव्हा ही माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी तो बिचारा मुद्दाम गड चढून आला, असे त्या काळच्या इंग्रजी वृत्तांतात नमूद आहे.

पुढे पेशवाईत दिल्लीच्या बादशहापाशी हिंगणे घराण्यातील पुरुष मराठ्यांचे वकील होते. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. हे वकील तेथील बातम्या पत्रांनी पुण्यास कळवीत. त्यांची पत्रे आज आपल्या इतिहासाचे मोठे धन आहे. राघोबादादांनी तर आपले वकील थेट विलायतेस पाठविले. हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ व मणियार नावाचे पारशी गृहस्थ १७८१ साली लंडनमध्ये होते. परक्या मुलखात सोवळ्याने स्वयंपाक करावा कोठे? तेव्हा एडमंड बर्क ह्या नामवंत पार्लमेंट-सभासदाने त्यांना आपल्या बागेतील काचगृह वापरावयास दिले. पाहुण्या वकिलाच्या चालीरीतींचा मान कसा राखावा, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आणि मान न राखल्यास काय होते, त्याचेही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ते पंढरपूरचे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी पुणे आणि बडोदे ह्यांच्यामध्ये जुन्या पैशांचा मोठा वाद होता. गायकवाडांकडून किती येणे, किती देणे, ह्याचा हिशेब वर्षानुवर्षे तुंबला होता. त्याचा उलगडा करण्यासाठी १८१४ साली गायकवाडांनी गंगाधरशास्त्री पटवर्धन ह्यांना आपले वकील म्हणून पुण्यास पाठविले. शास्त्री हुशार व इंग्रजांच्या मर्जीतले होते. पुण्याच्या दरबारात त्यांच्याविषयी संशय होता, म्हणून त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे ह्याच्याशी त्यांची बोलणी महिनोन्‌महिने चालली. मध्यंतरी सलोखा झालासा वाटला. पेशव्यांच्या मेहुणीशी शास्त्र्यांच्या मुलाचा विवाह करण्यापर्यंत गोष्टी आल्या. पुढे शास्त्र्यांनी माघार घेतली आणि मने पुन्हा दुरावली.

१८१५ च्या आषाढात पेशवे पंढरपुरास गेले. शास्त्रीही बरोबर होते. जुलै महिन्यातील त्या रात्री शास्त्र्यांच्या अंगात कसर होती. देवळात दर्शनास यावे म्हणून त्रिंबकजीकडून बोलावणे आले. त्यांनी नाही म्हटले. पुन्हा बोलावणे आले. पुन्हा नाही म्हटले. अखेर आग्रह मोडवेना, तेव्हा ते थोडी माणसे घेऊन निघाले. विठोबाचे दर्शन झाले, त्रिंबकजीशी दोन शब्द बोलणे झाले आणि ते बिऱ्हाडाकडे परतले. वाटेत अंधारातून मारेकरी धावून आले व त्यांनी शास्त्र्यांचा खून केला.

आषाढाची यात्रा, पेशव्यांची छावणी, विठोबाचे दार. आणि तेथे पाहुण्या वकिलाचा वध! ज्याने ऐकले त्याच्या अंगावर काटा आला. मारेकरी कोणी पाठविले? इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी पाहण्यास गेला होता. त्याने त्रिंबकजीवर ठपका ठेवला. पेशव्यांना ह्या कटाची कितपत माहिती होती, ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि मीही त्यात निवाडा देऊ इच्छीत नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. आपल्या छावणीत परक्या वकिलाचा खून झाला असता त्याची कसून चौकशी करणे, हे यजमान राज्याचे पहिले कर्तव्य होते. ती चौकशी झाली नाही.

एल्फिन्स्टनने त्रिंबकजीला आपल्या स्वाधीन करण्याची मागणी केली. पेशव्यांनी पुष्कळ टाळाटाळ केली; अखेर सप्टेंबरात त्याला इंग्रजांच्या हवाली केले. ठाण्याच्या किल्ल्यात तो कैदेत पडला. १८१६ च्या सप्टेंबरात तो तेथून निसटला. असे सांगतात की बाहेर मोतद्दाराचे काम करणारा त्याचा एक माणूस मराठी गाणी गाई आणि त्या गाण्यांतून सुटकेची खूण देई. पहारेकऱ्यांना मराठी येत नसल्यामुळे त्यांना काहीच कळले नाही. ही कथा मुलांना आवडते व मलाही आवडते. पण त्या सुटकेचा शेवट गोड झाला नाही. पेशवेच त्याला आतून मदत करतात असा इंग्रजांनी आरोप केला, पुण्याभोवती फौजा आणल्या आणि १३ जून १८१७ रोजी पेशव्यांना नव्या तहावर सही करावी लागली.

ह्या तहात त्रिंबकजीच्या अपराधाची कबुली होती, मुलूख तोडून देणे होते, किल्ले देणे होते. शाळेत आपण हीच कलमे पाठ करतो. परंतु माझ्या मते सर्वांत जबर कलम दुसरेच होते. पेशव्यांनी ह्यापुढे इतर दरबारी आपले वकील ठेवू नयेत, त्यांचे वकील आपल्याकडे येऊ देऊ नयेत. कोणाशी काय बोलावयाचे ते इंग्रज रेसिडेंटामार्फत बोलावे! एका वकिलाचा जीव राखता आला नाही, आणि वकील ठेवण्याचा हक्कच गेला. १८०२ च्या वसईच्या तहाने ह्या हक्काला पूर्वीच वेसण घातली होती, हे खरे. तरी उरलेसुरले तोंड आता बंद झाले. ज्या राज्याला शेजाऱ्याशी आपल्या तोंडाने बोलता येत नाही, ते राज्य कसले? इंग्रजांना निमित्त हवेच होते, असेही कोणी म्हणेल. ते खरे असेल. पण ते निमित्त आपण त्यांच्या हाती दिले.

पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी संगमावरील वकिलातीला आग लावण्यात आली. एल्फिन्स्टन आधीच निघून गेला होता. त्याची पुस्तके व कागदपत्रे मात्र जळून खाक झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये बाजीराव शरण गेला.

मुले गप्प झाली होती. जिने अन्यायाचा प्रश्न विचारला होता ती मुलगी म्हणाली, "म्हणजे वकिलाला सांभाळायचे ते त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी?" मी म्हटले, "दोघांसाठी. आपण त्यांचा वकील सांभाळतो, म्हणून ते आपला सांभाळतात. ज्या दिवशी एक बाजू हात सोडते, त्या दिवशी दुसऱ्या बाजूचे माणूसही उघड्यावर पडते."

हक्क गेला तो फार दिवसांसाठी. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा जगातील राजधान्यांत आपल्या नावाने बोलणारी आपली माणसे पाठविणे, हे नव्या सरकारच्या पहिल्या कामांपैकी एक होते. त्या माणसांत आपल्या सातारा जिल्ह्यातील औंधचे अप्पासाहेब पंत होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांचे हे चिरंजीव. राजपुत्र असूनही त्यांनी आपल्या वडिलांच्या संस्थानात १९३९ साली सुरू झालेला लोकराज्याचा प्रयोग मनापासून चालविला होता. १९४८ साली त्यांना भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीस धाडले. तेथे इंग्रजांचे राज्य होते आणि आफ्रिकी लोक स्वातंत्र्य मागत होते. अप्पासाहेबांचा त्यांच्याशी स्नेह जडला. नेमून आलेल्या दूताने येथील प्रजेशी इतकी सलगी करावी, हे इंग्रज अधिकाऱ्यांना रुचेना; त्यांनी तक्रारी केल्या. १९५४ मध्ये अप्पासाहेबांनी नैरोबी सोडली. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, इंग्लंड व इटली असा त्यांचा प्रवास झाला. मघाशी सांगितलेला ढवळाढवळ न करण्याचा नियम पाळावा किती आणि मनाचे ऐकावे किती, हा पेच राजदूताला नेहमीच पडतो. अप्पासाहेबांनी चूक केली असे मला वाटत नाही. पण यजमानांना तक्रार करण्याचा हक्क होता, हेही नाकारता येणार नाही.

नियम लिहून झाले, म्हणजे ते पाळले जातातच असे नव्हे. १९७९ साली इराणमध्ये तेहरान येथील अमेरिकेची वकिलात जमावाने ताब्यात घेतली आणि ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. यजमान सरकारने जमावाला रोखावयास हवे होते. त्याने उलट जमावाची पाठ राखली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याबद्दल इराणला दोष दिला.

ऊन कलले. निळ्या पाटीची गाडी केव्हाच निघून गेली होती. जाताना तिच्यातील लहान मुलाने आमच्या मुलांना हात हलवून निरोप दिला होता. आम्हीही गाडीत बसलो. पिरंगुट मागे पडले, कोथरूड आले आणि अंधार पडता पडता आमची गाडी मुठेवरच्या एका पुलावर आली. सकाळी पाहिलेल्या खोऱ्याचीच ही नदी. दिव्यांची रांग पाण्यात थरथरत होती.

"ह्या पुलाला म्हात्रे पूल का म्हणतात, कोणाला ठाऊक आहे?" मी विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांतील निम्मी मुले ह्या पुलावरून नेहमी येत-जात होती.

रवींद्र म्हात्रे हे भारताच्या परराष्ट्र सेवेतील अधिकारी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी आपल्या देशाची कचेरी आहे, तेथे ते काम करीत. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी सायंकाळी ते कामावरून घरी निघाले होते. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. ते घरी पोचले नाहीत. काश्मीरच्या नावाने चालणाऱ्या एका अतिरेकी टोळीने त्यांना वाटेतून पळविले होते. भारतात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला सोडावे व मोठी रक्कम द्यावी, अशी टोळीची मागणी होती. मुदत फार थोडी दिली होती. दोन दिवसांनी म्हात्रे ह्यांचा मृतदेह सापडला. इंग्लंडच्या पोलिसांनी तपास केला आणि तेथील न्यायालयाने गुन्हेगारांना शिक्षा केली. यजमान राष्ट्राचे जे कर्तव्य पंढरपुरास राहून गेले होते, ते येथे बजावले गेले. गेलेला माणूस मात्र परत आला नाही.

गाडीत क्षणभर शांतता पसरली. खिडकीशी बसलेल्या त्या सातवीतल्या मुलाने काचेला कपाळ टेकवून बाहेर पाहिले. पूल संपेपर्यंत तो मागे वळून नावाची पाटी दिसते का ते पाहत होता.